हेलपाटा, खेप आणि वारी : ‘एयुदेन क्रॉनिकल: रायझिंग’च्या समीक्षेविषयी



आजचा विषय तसा लहान आहे. खेळ लहान, त्याची किंमत लहान, आणि त्यावर लिहिलं गेलं तेही बहुतेक लहानच. १० मे २०२२ रोजी ‘एयुदेन क्रॉनिकल: रायझिंग’ नावाचा व्हिडिओ गेम आला. साधारण पंधरा डॉलरचा. आठ-दहा दिवस त्याचे रिव्ह्यू येत राहिले, मेटाक्रिटिकवरची सरासरी ७० च्या आसपास जाऊन थांबली, आणि बोलणं संपलं. त्या सरासरीला तिथे ‘मिश्र किंवा सर्वसाधारण’ अशी चिठ्ठी लागते. म्हणजे वाईट नाही, पण राहिलं तरी चालेल.

आम्हाला त्या निकालाशी भांडायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. निकाल बराचसा बरोबर आहे असंच आमचंही मत आहे. भांडायचंय ते त्यामागच्या कारणाशी. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते: तेच तेच करावं लागतं. आता ‘तेच तेच’ हा दोष आहे का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आणि या प्रश्नासाठी मराठीत तीन फार चांगले शब्द आहेत. त्यांच्याकडे येऊच. त्याआधी ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख.

खेळ काय आहे?

न्यू नेवेया नावाचं एक गाव आहे. इंग्रजीतल्या ‘हेवन’ या शब्दाची अक्षरं उलट्या क्रमाने लिहिली की ‘नेवेया’ तयार होतं. म्हणजे उलटा लिहिलेला स्वर्ग, आणि तोही नवा! भूकंपाने या गावाची पडझड झालेली आहे, आणि गावाजवळच्या प्राचीन भुयारी अवशेषांत खजिना असल्याची बातमी पसरलेली आहे. साहजिकच हवशे-नवशे-गवशे सगळे गावात जमलेत. त्यांतलीच एक सीजे. खजिना शोधणाऱ्या घराण्यातली, उत्साही, थोडी उतावळी मुलगी. आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मोठं घबाड घेऊनच परतायचं, असं ठरवून ती आली आहे.

पण गावात एक ईशा आहे. तिचे वडील गावचे प्रमुख. ते बेपत्ता आहेत, म्हणून कारभार हिच्याकडे. ती सांगते, अवशेषांत खोदायचं तर परवाना लागेल, आणि परवान्याची किंमत अशी की सीजेचे डोळेच फिरावेत. मग तोडगा निघतो तो शिक्क्यांच्या कार्डाचा. गावकऱ्यांची कामं करायची, प्रत्येक कामाचा एक शिक्का घ्यायचा, कार्ड भरायचं. तिसरा सोबती गारू. हा कांगारू आहे, पाठीवर ही भलीमोठी तलवार, भाडोत्री योद्धा, आणि तिघांत सगळ्यांत शहाणा.

आता खेळायचं कसं? बाजूने दिसणारं, डावीकडून उजवीकडे धावायचं जग. लढाईत तिघांना तीन वेगळी बटणं. ज्याचं बटण दाबाल तो पुढे येतो. सीजे चपळ, गारू जड, ईशा लांबून जादू करणारी. वेळ साधून एकामागून एक बटणं दाबली की तिघांचे घाव एका साखळीत गुंफले जातात. याला ‘लिंक अटॅक’ म्हणतात. जंगलातून लाकूड आणायचं, खाणीतून दगड आणायचा, त्यातून गावात खाणावळ, लोहाराचं दुकान, औषधांचं दुकान उभं करायचं. दुकान वाढलं की हत्यार सुधारतं, हत्यार सुधारलं की पुढचा भाग खुला होतो. असं ते चक्र आहे.

आणि हा खेळ एकटा आलेला नाही. तो पूर्वकथा आहे, म्हणजे आधी घडलेली गोष्ट. कशाच्या आधी? तर ‘एयुदेन क्रॉनिकल: हंड्रेड हीरोज’ या मोठ्या खेळाच्या. योशिताका मुरायामा हे नाव जुन्या जपानी खेळांच्या चाहत्यांना माहीत असेल. १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर आलेला ‘सुईकोदेन’ त्यांचा. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना घेऊन रॅबिट अँड बेअर नावाचा स्टुडिओ काढला आणि जुलै २०२० मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. मागितले होते पाच लाख डॉलर. जमले पंचेचाळीस लाखांच्या वर. अशा मोहिमांत पैसे वाढत गेले की नवी नवी आश्वासनं दिली जातात. त्यांतलं एक आश्वासन असं, की मोठ्या खेळाच्या आधी त्याच जगातला एक लहान खेळ देऊ. तो लहान खेळ म्हणजे ‘रायझिंग’. बनवला नात्सुमे अटारी या जपानी कंपनीने. नावात अटारी असलं तरी अमेरिकन अटारीशी हिचा संबंध नाही.

हा जन्म लक्षात ठेवा. हा खेळ मुळात वचनपूर्ती म्हणून आला. आणि त्याच्याकडे बघणारा जवळजवळ प्रत्येक समीक्षक त्याच्या खांद्यावरून मागे येणाऱ्या मोठ्या भावाकडे बघत होता.

समीक्षक काय म्हणाले?

रिव्ह्यू एकत्र ठेवून वाचले तर त्यांत आश्चर्य वाटावी इतकी एकवाक्यता आहे. जमेच्या बाजूला चार गोष्टी. पार्श्वभूमीची चित्रं देखणी आहेत. तिघांची आपसातली बोलणी खुसखुशीत आहेत. तीन बटणांची लढाई हाताला गोड लागते. आणि गाव डोळ्यांसमोर उभं राहताना बघायला बरं वाटतं. खर्चाच्या बाजूला एकच मोठा आकडा: कामं. अमक्याला तीन मशरूम आणून दे, तमक्याचं हरवलेलं शोधून दे, मग त्याच जंगलात परत जा, त्याच खाणीत परत जा. इंग्रजीत याला ‘फेच क्वेस्ट’ म्हणतात, म्हणजे जा आणि घेऊन ये. शिवाय लढाई सोपी आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर धोका असा काही उरत नाही, हीही तक्रार.

तक्रार खोटी नाही. आम्ही स्वतः हा खेळ दोनदा खेळलो. पहिल्यांदा सलग सुट्ट्या होत्या, तेव्हा तीन-चार दिवसांत बसून संपवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच जंगलात कितव्यांदा शिरतोय हे मोजणं सोडून दिलं होतं. वैताग आला. तेव्हा आम्हाला कुणी लिहायला सांगितलं असतं तर आम्हीही ‘तेच तेच’ हेच दोन शब्द लिहून मोकळे झालो असतो.

दुसऱ्यांदा बऱ्याच महिन्यांनी खेळलो. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, फार तर पाऊण. दोन-तीन कामं, एखादं दुकान, आणि बंद. महिनाभर पुरला. खेळ तोच, पण वैताग बराच कमी झाला होता. पूर्ण गेला नव्हता. जो उरला तो नेमका कुठे उरला, ते यावेळी दिसलं. आजचं सगळं बोलणं त्या उरलेल्या वैतागाबद्दल आहे.

रिव्ह्यू लिहिणाऱ्याला रोज अर्धा तास खेळायची चैन नसते. त्याला तारखेच्या आत खेळ संपवावा लागतो. पंधरा तासांचा खेळ तीन दिवसांत. ‘रायझिंग’सारखे खेळ थोडं थोडं खेळण्यासाठी असतात, आणि हा तर पहिल्या दिवसापासून गेम पासवर होता, म्हणजे कित्येकांनी तो वेगळे पैसे न देता सहज उघडून बघितला असणार. फराळाचं ताट एका बैठकीत संपवणाऱ्याला चकलीचं मत विचारण्यासारखं आहे हे. तो खोटं बोलत नाही. फक्त त्याच्या पोटाची अवस्था वेगळी असते. रिव्ह्यू वाचताना हे वजा करायला हवं, आणि आपण ते बहुधा करत नाही.

तीन शब्द

आता ते तीन शब्द.

पहिला, हेलपाटा. कचेरीत गेलो, साहेब जेवायला गेलेत. परत गेलो, आज सही होणार नाही. परत गेलो, एक झेरॉक्स कमी आहे. गेलो तसे आलो, तो हेलपाटा. त्यात चालण्याचे श्रम हा मुख्य त्रास नसतो. आपल्या जाण्याने जगात काहीच हललं नाही, हा त्रास असतो.

दुसरा, खेप. विहिरीवरून पाण्याची खेप, भट्टीवरून विटांची खेप. वाट तीच, पावलं तीच, ओझंही तेच. पण प्रत्येक खेपेला हंडा थोडा भरतो, विटांचा ढीग थोडा वाढतो. दहावी खेप पहिलीसारखीच असते तरी तिला कुणी वाया गेली म्हणत नाही, कारण ढीग समोर दिसत असतो.

तिसरा, वारी. वाट तीच, दरवर्षी तीच. इथे ढीगही वाढत नाही. माणूस जातो आणि परत येतो, आणि पुढच्या वर्षी परत जातो. तरी कुणी वारकऱ्याला ‘तेच तेच करता’ असं म्हणत नाही, कारण तिथे जाणं हेच काम आहे, आणि सोबत कोण चालतंय याला अर्थ आहे.

बाहेरून बघितलं तर तिन्हींत माणूस एकच गोष्ट करतोय: गेलेल्या वाटेने पुन्हा जातोय. इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये या तिन्हींना मिळून एकच विशेषण वापरलं जातं, पुनरावृत्तीचं. आणि मग तो शब्द लिहिला की विचार तिथेच थांबतो. खरं तर विचार तिथून सुरू व्हायला हवा: कोणती पुनरावृत्ती?

हे शब्द घेऊन आता ‘रायझिंग’मध्ये परत जाऊ.

खेळाचा पहिला तिसरा भाग म्हणजे खेप आहे. लाकूड आणलं, खाणावळ उभी राहिली. दगड आणला, लोहार बसला. गावाच्या रस्त्यावरून चालताना काल जिथे मोकळी जागा होती तिथे आज छप्पर दिसतं, धूर दिसतो. इथे कुणालाही कंटाळा येत नाही. कित्येक रिव्ह्यूंत या सुरुवातीचं कौतुकच आहे.

मध्यभागात घोटाळा होतो. गाव बरंचसं उभं राहिलेलं असतं, पण कामं थांबत नाहीत. आता कामाच्या शेवटी भिंत उभी राहत नाही, तर कार्डावर शिक्का पडतो. मशरूम आणले, शिक्का. निरोप पोचवला, शिक्का. कृती अगदी तीच आहे, वाट तीच आहे, पण ढीग दिसेनासा झाला. म्हणजे खेपेचा हेलपाटा झाला. आमचा दुसऱ्या वेळचा वैताग उरला होता तो नेमका इथे. रोज अर्धाच तास खेळूनही.

म्हणून आम्ही म्हणतो की समीक्षकांचा निकाल बरोबर आणि कारण चूक. कामं जास्त आहेत हा दोष म्हटला तर उपाय निघतो कामं कमी करण्याचा. पण कामं निम्मी केली आणि तरी प्रत्येकाच्या शेवटी नुसता शिक्काच राहिला, तर हेलपाटे निम्मे होतील इतकंच. हेलपाट्याची खेप होणार नाही.

शिक्क्याचं दुखणं

या शिक्क्याकडे जरा नीट बघू, कारण या खेळातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत फसलेली कल्पना तीच आहे.

सुरुवातीला तो विनोद आहे, आणि चांगला विनोद आहे. भूकंपात मोडलेलं गाव, तिजोरीत खडखडाट, आणि हातात अधिकार असलेली एक लहान वयाची हिशेबी मुलगी. ती बाहेरून आलेल्या उत्साही मुलीला सरळ राबवून घेते, आणि वर ते सगळं नियमात बसवते. हे आपण सगळे ओळखतो. कारभार हाती आला की माणूस आधी रजिस्टर मागवतो!

पण विनोद म्हणून आलेली गोष्ट पुढे पूर्ण खेळाचा हिशेब होऊन बसते. म्हाताऱ्याला मदत केली, त्याने दोन शब्द सांगितले, आणि पडद्यावर शिक्का उमटला. आता आपलं लक्ष म्हाताऱ्याकडे राहील की कार्डाकडे? उपकाराची पावती फाडली की उपकार संपतो, व्यवहार उरतो. गाव म्हणजे काय, तर एकमेकांवर राहिलेली थोडी थोडी देणी. कुणाच्या घरून वाटीभर साखर आणलेली असते, कुणाच्या लग्नात कुणी पंगत वाढलेली असते. ती लगेच फेडून टाकायची नसतात. इथे प्रत्येक देणं जागच्या जागी चुकतं होतं. आणि बहुतेक कामं गावकरी एकमेकांकडे नेत नाहीत, सगळं सीजेमार्फत. त्यामुळे इमारती वाढतात, पण त्यांच्यामधली माणसांची ये-जा त्या मानाने वाढत नाही.

आमची टीका ही आहे, आणि ती समीक्षकांच्या टीकेपेक्षा कडक आहे हे आम्हाला कळतं. ‘तेच तेच आहे’ म्हणणं म्हणजे खेळ लांबला म्हणणं. आम्ही म्हणतोय की गाव वसवण्याच्या खेळाला गाव म्हणजे काय हे अर्धंच कळलं.

आधीच्यांनी काय केलं?

कुणी म्हणेल, हे अती झालं. पंधरा डॉलरच्या खेळाकडून एवढी अपेक्षा कशाला? म्हणून जरा मागे जाऊन बघू, कारण मारामारी आणि वस्ती एकत्र आणणारा हा काही पहिला खेळ नव्हे.

१९९० मध्ये क्विंटेट या कंपनीचा ‘ॲक्टरेझर’ आला. त्यात आधी राक्षस मारून जमीन मोकळी करायची, मग वरून बघत त्या जमिनीवर माणसं वसवायची. खेळणारा देवाच्या जागी असतो, आणि लोकांच्या प्रार्थना त्याच्यापर्यंत येतात. वस्तीचा भाग अगदी साधा होता. कागदावर त्याचं वर्णन वाचलं तर नीरस वाटेल. पण १९९३ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा कंपनीने वस्तीचा भाग काढून टाकला आणि निव्वळ मारामारी ठेवली. परिणाम काय झाला? आज त्या मालिकेचं नाव निघालं की लोक पहिल्या भागाबद्दल बोलतात. २०२१ मध्ये स्क्वेअर एनिक्सने नव्याने बनवला तोही पहिलाच भाग, आणि त्यात वस्तीचं काम कमी न करता वाढवलं. म्हणजे जी कामं वरवर फुटकळ वाटत होती त्यांच्यातच खेळाचा जीव होता.

२००० साली लेव्हल-५ चा ‘डार्क क्लाउड’ आला. त्यात गाव नाहीसं झालेलं असतं. घरं आणि माणसं गुहांमध्ये विखुरलेली सापडतात, ती आणून आपण गाव पुन्हा मांडायचं. आणि मग एकेक गावकरी सांगतो, मला अमक्याच्या शेजारी राहायचंय, माझं घर पाण्याजवळ हवं. बघा, मागणी अगदी लहान आहे. पण ती मागणी एका माणसाची दुसऱ्याच्या संदर्भात आहे. तिथे खेळणारा माणसांमधली नाती मांडतो. ‘रायझिंग’मध्ये याचीच उणीव भासते.

आणि खुद्द मुरायामांचा ‘सुईकोदेन’. चिनी कादंबरी ‘शुइहू झुआन’, तिच्या नावाचं जपानी रूप म्हणजे सुईकोदेन. त्या कादंबरीतल्या १०८ वीरांवरून खेळातही १०८ सोबती. ते जमत जातात तसा आपला ओसाड किल्ला भरत जातो. कुणी दुकान मांडतो, कुणी लोहारकाम करतो. प्रत्येक आलेल्या माणसाने किल्ल्यात आणखी एक दार उघडतं. तिथे शिक्का नाही; माणूस येऊन राहतो हाच शिक्का.

तेव्हा आम्ही या लहान खेळाकडून परकी अपेक्षा करत नाही. त्याच्याच घरातली रीत त्याला आठवून देतोय.

जमा आणि खर्च

आता समीक्षकांच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट. त्यांनी तिघांची बोलणी आणि तिघांची लढाई जमेला लिहिली, आणि फेऱ्या खर्चाला. पण ही बोलणी होतात कुठे? वाटेवर. ती तीन बटणांची साखळी हातात बसते कधी? दहाव्यांदा त्याच जंगलातून जाताना. पहिल्या दिवशी आपण तीन पात्रं चालवत असतो. काही दिवसांनी गारूचा घाव आणि ईशाचा मंत्र यांच्यामधली वेळ बोटांना आपोआप कळू लागते, तिघं मिळून एक होतात. हे पुनरावृत्तीशिवाय होत नाही. तबल्यावर हात बसायचा तर तोच कायदा शंभरदा वाजवावा लागतो, आणि रियाजाला कुणी फेच क्वेस्ट म्हणत नाही.

म्हणजे या खेळात वारीची शक्यता होती. वाट ठरलेली, सोबती बरोबर, बोलणं चालू. जिथे ती साधली तिथे समीक्षकांनाही आवडली. फक्त त्यांनी ते सोबत्यांच्या नावावर जमा केलं, वाटेच्या नावावर केलं नाही.

मोठा भाऊ

शेवटचा मुद्दा पूर्वकथेचा. मे २०२२ मध्ये समीक्षकांपुढे मोठा प्रश्न हाच होता: यामुळे ‘हंड्रेड हीरोज’ची ओढ वाढते का? मोठा खेळ तेव्हा आलेला नव्हता. तो २३ एप्रिल २०२४ रोजी आला. तोवर दोन वर्षं ‘रायझिंग’ हा एका न आलेल्या पाहुण्याचा पुढे आलेला निरोप्या होता. निरोप्याला कुणी जेवायला वाढत नाही.

याच्या शेजारी ‘ब्लडस्टेन्ड’चं उदाहरण ठेवतो. तिथेही किकस्टार्टर, तिथेही आश्वासनापोटी आलेला लहान खेळ. २०१८ चा ‘कर्स ऑफ द मून’. पण तो जुन्या आठ-बिट खेळांच्या रूपात होता. पुढच्या वर्षी आलेल्या मोठ्या खेळाशी त्याची गल्लत होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे लोकांनी त्याला त्याच्या मापाने मोजलं, आणि त्याचं कौतुक झालं. ‘रायझिंग’चं दिसणं मात्र मोठ्या भावासारखं आणि खेळणं वेगळं. पाळीपाळीने चालणाऱ्या, शंभर वीरांच्या गोष्टीची वाट बघणाऱ्याला इथे तीन माणसं आणि लाकडाच्या मोळ्या मिळाल्या. अपेक्षाभंगाचा काही भाग तिथून आला.

२०२४ नंतर चित्र थोडं बदललं. मोठ्या खेळात सीजे, गारू आणि ईशा सोबती म्हणून भेटतात. तिथेही किल्ला वाढवायचा असतो, तिथेही लाकूड आणि दगड लागतो. ज्याने आधी न्यू नेवेयात ओझी वाहिलीत त्याला ही तिघं भेटतात तेव्हा तो यादीतली नुसती तीन नावं वाचत नाही. गल्लीतलं माणूस परगावच्या स्टँडवर दिसावं तसं होतं. हा अनुभव मे २०२२ मधल्या कुठल्याही रिव्ह्यूत येणं शक्य नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. पण ती सरासरी मात्र आजही त्या आठवड्यावरच उभी आहे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. मोठा खेळ येण्याच्या काही आठवडे आधी, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, मुरायामा वारले. खेळ लोकांच्या हातात पडलेला त्यांना बघता आला नाही. त्यानंतर या जगाबद्दल लिहिताना अनेकांचा सूर मऊ झाला, आणि ते माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. पण आपण इथे सावध राहू. कुणाच्या जाण्याने खेळ चांगला होत नाही. मधला भाग तेव्हा रेंगाळत होता, आजही रेंगाळतो. फरक पडतो तो इतकाच, की आता ‘पुढे काय येणार’ हा प्रश्न उरलेला नाही. त्यामुळे ‘हे काय आहे’ हा प्रश्न पहिल्यांदा मोकळेपणाने विचारता येतो.

मग हे काय आहे?

आमचा निवाडा असा. हा दोन-तृतीयांश चांगला खेळ आहे. चित्रं, तिघांची सोबत आणि गाव उभं राहण्याचा पहिला आनंद यांसाठी तो खेळावा. सलग खेळू नये. रात्रीचा अर्धा तास द्यावा. मध्यावर शिक्के डोईजड झाले तर कार्ड पूर्ण करायच्या फंदात पडू नये, मुख्य गोष्टीच्या मागे जावं. आणि ‘हंड्रेड हीरोज’ खेळणार असाल तर हा आधी खेळावा, कारण तिथल्या तीन माणसांशी तुमची ओळख हातापायांनी झालेली असेल.

पण आजच्या बोलण्यातून एवढंच घेऊन जाऊ नका. आपल्याकडे मराठीत खेळांची समीक्षा अजून थोडी आहे, आणि आपण बहुतेक जण बाहेरचे आकडे वाचून ठरवतो: ८५ आहे, घेऊ; ७० आहे, सोडू. आकड्याबरोबर त्यामागची विशेषणंही आपण उचलतो. आणि मग ज्या कामांत आपलं आयुष्य जातं, पाणी भरणं, डबे भरणं, त्याच लोकलने जाणं-येणं, त्या सगळ्यांना आपणही एकाच तुच्छ शब्दात गुंडाळायला शिकतो. आपल्या भाषेत या पुनरावृत्तींना वेगवेगळी नावं आहेत, कारण आपल्या लोकांनी त्या वेगवेगळ्या जगल्या आहेत. पाणी आणणाऱ्या बाईला खेप आणि हेलपाटा यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. नळ कोरडा निघाला की तिला तो कळतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही खेळाबद्दल ‘फार रिपिटिटिव्ह आहे बुवा’ असं तोंडात आलं, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारा: हंडा भरतोय का? सोबत कोणी आहे का? दोन्हींचं उत्तर नाही आलं, तर खुशाल शिव्या घाला. आम्हीही घालू.

प्रश्न असतील तर घेऊ या.